ज्यांस वारस नाहीं

घोड नदी भीमेस मिळते, आणि तीच भीमा आमच्या इंदापूर तालुक्याच्या सीमेवरून पुढें जाते. त्या घोडेच्या तीरीं शिरूर तालुक्यांत इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं सन १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें, तेव्हां सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं घरें व घरांच्या भुईखालीं पुरलेलीं माणसें सांपडलीं. दोनशेंहून अधिक दफनें, त्यांत बहुतेक लेकरांचीं. मूल वारलें म्हणजे दोन मडकीं तोंडास तोंड लावून आडवीं ठेवीत व त्यांत त्यास निजवीत. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापाशीं तोडलेले आढळले. मृतानें घर सोडून जाऊं नये म्हणून तसें करीत असावेत, असा विद्वानांचा तर्क आहे.

आतां हीं हाडें कोणाचीं? त्या लोकांचें नांव नाहीं, भाषा ठाऊक नाहीं, वंशज म्हणून पुढें येणारा कोणी नाहीं. मग ज्यास हवीं त्यानें तीं घ्यावींत काय?

वारस नाहीं हें बोलणें सोपें आहे, आणि पुष्कळदां तें घेणाऱ्याच्याच सोयीचें असतें. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया बेट आहे. तेथील मूळच्या लोकांपैकीं ट्रुगानिनी नांवाची स्त्री १८७६ सालीं वारली. ही आपल्या लोकांतली शेवटली, असें गोऱ्या लोकांनीं जाहीर केलें. आपल्या देहाची विटंबना होईल असें भय तिनें मरणापूर्वीं बोलून दाखविलें होतें; तरी तिचा सांगाडा उकरला गेला, व १९४७ पर्यंत तो संग्रहालयांत लोकांस पाहावयास ठेवला होता. वास्तविक तिचे लोक नाहींसे झालेच नव्हते. त्यांनीं मागणी चालविली, आणि १९७६ सालीं तिची रक्षा समुद्रांत सोडण्यांत आली.

इनामगांवास असा मागणारा कोणी येणार नाहीं, हें खरें. परंतु आमच्या मतें मृताचा हक्क वारसावर अवलंबून नाहीं. ज्या आईनें तें मूल आपल्या चुलीजवळ पुरलें, तिची इच्छा स्पष्ट आहे. ती कळावयास तिची भाषा यावी लागत नाहीं. विद्वानांनीं जपून उकरावें, हाडांवरून त्या काळचें अन्न व आजार ओळखावे, यास आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती पांढरीची माती गाड्याच्या गाड्या खत म्हणून नेण्यास, व हाडें निघालीं तर तीं बांधावर फेंकण्यास. अब्राहाम परमुलखांत उपरा होता, तरी सारेस पुरण्यास त्यानें चारशें शेकेल रुपें मोजून जागा घेतली. आमच्यांतील कित्येकांच्या वाडवडिलांस तर दफनापुरत्या वावभर भुईसाठीं गांवापुढें हात जोडावे लागले. अशांनीं दुसऱ्याचे मृत हलके लेखूं नयेत.

नांगर बैलांचा असो कीं ट्रॅक्टरचा, फाळास जोडमडकें लागलें तर तेथेंच थांबावें, माती परत लोटावी व तलाठ्यास वर्दी द्यावी. आंत मोहरा असतील म्हणून तें फोडूं नये. आंत बहुधा मूल असतें.