शमीच्या झाडावरचं धनुष्य



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३५.

अर्थ बहुतेकांना माहीत आहे. आपला धर्म उणा वाटला तरी त्यातच कल्याण आहे, दुसऱ्याचा धर्म कितीही छान जमला तरी त्यात भय आहे. पण परवा पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईने विचारलं, "दादा, ज्या कामासाठी मला घेतलं, त्या जागेवर आधीच कुणीतरी आहे. म्हणून मला दुसऱ्याच कामाला बसवलंय. मी करतेय तो परधर्म झाला का?"

प्रश्न मनात घोळत राहिला. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये तो नेहमी येतो. चाल चालवणारा, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक खेळतो एकच. दुसरा कितीही तयारीचा असला तरी बाकावर. मग कोच म्हणतो, पळतोस चांगला, तर चेंडू झेलायला जा.

आपल्याकडे विकेटकीपरचं तेच. सप्टेंबर १९८६, चेन्नई, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. संघात यष्टिरक्षक किरण मोरे. मुंबईचे चंद्रकांत पंडितही यष्टिरक्षकच, पण ते खेळले फलंदाज म्हणून. धावा केल्या ३५ आणि ३९. शेवटच्या दिवशी ३४८ हव्या होत्या, भारत ३४७ वर सर्वबाद झाला आणि सामना टाय! पंडितांची एक धाव कमी पडली असती तर आपण हरलो असतो. मला सांगा, त्या ३९ धावा परधर्म होत्या का?

मला वाटतं, इथे आपण जागा आणि धर्म यांत गल्लत करतो. श्लोक ज्याला सांगितला तो अर्जुन तेव्हा काय म्हणत होता? लढण्यापेक्षा भीक मागून जगणं बरं. म्हणजे समोरचं कर्तव्य जड झालं म्हणून त्याला दुसऱ्याचं आयुष्य हवं होतं. भय त्या पळण्यात आहे. आणि हे समजावणारा स्वतः कुठे बसला होता? सारथ्याच्या जागेवर, हातात लगाम घेऊन. लढण्यात कुणाला हार जाणारा नव्हता तो. पण त्या दिवशी गरज लगामाची होती. जागा बदलली, धर्म नाही बदलला.

विराटाच्या घरचं वर्षही आठवा. अर्जुन बृहन्नडा होऊन नाच शिकवत होता, आणि मनापासून शिकवत होता. पण गांडीव त्याने फेकून दिलं नव्हतं. शमीच्या झाडावर नीट बांधून ठेवलं होतं. वेळ आली तेव्हा ते उतरवून घेतलं.

पोहरादेवीला महाराजांच्या समाधीपुढे बसलं की मला आपल्या तांड्यांची आठवण येते. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून देशभर नेणारी माणसं आपली. रेल्वे आली, लदेणी गेली. १८७१ च्या कायद्याने तर अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. मग कुणी शेती धरली, कुणी ऊसतोडीला गेलं. कामं बदलली, पण रामनवमीला नंगारा वाजला की पाय इकडेच वळतात. आपलं गांडीव असं जपलं गेलं. मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलू या : आपली जागा हिरावली गेली, तो अन्यायच होता. त्याला धर्माचं नाव देऊन गोड करू नये.

म्हणून हा श्लोक ज्याच्या हातात संघ आहे त्यालाही लागू आहे. जो कधी नाही म्हणत नाही, त्यालाच आपण प्रत्येक भोकाला बूच म्हणून वापरतो. ऑफिसातही, घरातही. मग त्याचा स्वतःचा सराव सुटतो, आणि एक दिवस त्याच्या खऱ्या जागेवर गरज पडते तेव्हा आपणच म्हणतो, "हा तयारच नाही!" अज्ञातवासात युधिष्ठिराने फक्त धाकट्यांना कामाला नाही लावलं. राजा स्वतः कंक होऊन दुसऱ्याच्या दरबारात बसला. दुसऱ्याची जागा बदलताना आपण स्वतः काय सोडलं, हे मोठ्यांनी आधी पाहावं.

पंडितांच्या वाट्याला कसोट्या आल्या फक्त ५. पण यष्टीमागे उभं राहून सगळा खेळ पाहायची ती नजर वाया गेली नाही. ते प्रशिक्षक असताना आपल्या विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी सलग दोनदा रणजी जिंकली.

तर ताई, तुझं काम परधर्म नाही. ते जीव लावून कर. पण रोज थोडा वेळ तुझ्या मूळ विद्येला दे. आणि साहेबांना नम्रपणे विचार, "हे किती दिवस?" असं विचारणं म्हणजे अहंकार नाही गं. शमीचं झाड कुठे आहे हे लक्षात ठेवणं आहे ते.

आजचा संकल्प : मिळालेल्या जागेवर पूर्ण मनाने उभं राहीन. माझं धनुष्य गंजू देणार नाही. आणि माझ्यामुळे दुसऱ्या कुणाचंही गंजू देणार नाही.

जय जगदंबा! जय सेवालाल!