रोगानें जें नेलें नाहीं

घरांतील वडील माणसास अल्झायमरचा रोग जडला असतां त्याचें सर्व कांहीं आपण करावें, कीं जें त्यास साधतें तें त्याजकडेच राहूं द्यावें? वाचकहो, हा प्रश्न दिसतो घरगुती, परंतु तो नीतीचा आहे.

आलोइस अल्झायमर ह्या जर्मन वैद्यानें १९०६ सालीं ह्या रोगाची हकीकत प्रथम मांडिली. ह्यांत बहुधा नुकतें घडलेलें आधीं पुसलें जातें; वर्षानुवर्षें हातांत मुरलेलें काम पुष्कळ काळ टिकतें. सकाळीं काय खाल्लें हें न आठवणारी आजी तांदूळ नीट निवडूं शकते. तेव्हां आठवण गेली म्हणजे माणूस गेला, असें मानणें चूक होय.

नवी मुंबईचें उदाहरण घ्या. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें ९५ गांवांच्या जमिनीवर हें शहर वसविलें. येथें वसाहतींस सेक्टरांचे क्रमांक, आणि पुष्कळ इमारती एकसारख्या. गांवाहून मुलाकडे आलेल्या म्हाताऱ्यास येथें खुणेचा वड नाहीं, ओळखीचा ओटा नाहीं. तो एकदां वाट चुकला कीं घरचे दारास कुलूप लावितात. त्यांची भीति खोटी नव्हे. सायन-पनवेल महामार्ग कोणाच्या विस्मृतीची गय करीत नाहीं. परंतु तेंच कुलूप त्यास खालच्या दुकानापासून व शेजाऱ्यांपासूनहि तोडतें.

ह्यास्तव धोका कोणता व नुसता विलंब कोणता, हें ओळखावें. गॅस, औषधें, मोठे पैशांचे व्यवहार व रहदारीचा रस्ता ह्यांवर घरच्यांनीं लक्ष ठेवावें. सदऱ्याचीं बटणें लावावयास पाव तास लागला, तर त्यांत धोका कसला? अडचण आपल्या घाईची आहे. कपडे घालावयाच्या क्रमानें मांडावे. "काय हवें?" ह्यापेक्षां "चहा कीं दूध?" असें विचारावें. खिशांत नांव व फोनचा क्रमांक असावा. दुकानदार व पहारेकरी ह्यांस सांगून ठेवावें. रोज ठरल्या वेळीं, ठरल्या वाटेनें त्यास फिरूं द्यावें; सोबत्यानें चार पावलें मागें चालावें.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणें, उपचाराविषयींचा एखाद्याचा निर्णय इतरांस अयोग्य वाटला एवढ्यावरूनच त्यास निर्णयशक्ति नाहीं असें ठरवितां येत नाहीं. कायदा जो मान परक्यास देतो, तो पुत्रानें बापास नाकारावा काय?

हा रोग समूळ बरा करणारें औषध अद्याप नाहीं, आणि तो वाढत जातो. म्हणून साह्यहि त्याच्या पावलानें वाढवावें, त्याच्या पुढें धांवूं नये. रोग जें नेईल तें नेईल; जें त्यानें अजून नेलें नाहीं, तें प्रेमाच्या नांवाखालीं आपण तरी नेऊं नये.