पोर्ट पिरी आणि द्रौपदीचा प्रश्न

दक्षिण ऑस्ट्रेलियात घोड्यांवर पैसे लावायच्या दुकानांना कायद्याची मान्यता मिळाली ती 1933 मध्ये. त्याआधी हा धंदा पबच्या मागच्या दाराशी नाहीतर न्हाव्याच्या दुकानात चालायचा. धाड पडायची, दंड व्हायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मंदीने तिजोरी आटलेली, तीन कामगारांतल्या जवळपास एकाच्या हाताला काम नाही. मग चोरून चालतंच आहे तर परवाना द्यावा, तिकिटावर कर घ्यावा, असं सरकारने ठरवलं. 1942 मध्ये युद्धापायी दुकानं बंद झाली, आणि युद्धानंतर पुन्हा उघडली ती एकट्या पोर्ट पिरीत.

मी याच गावात, वृद्धांच्या निवासात परिचारिका आहे. आमच्याकडचे एक आजोबा जन्मभर शिशाच्या भट्टीवर राबले. ते या दुकानांबद्दल मोठ्या अभिमानाने बोलतात: अख्ख्या राज्यात हा मान फक्त आम्हाला. मला मात्र त्या मानात काहीतरी खुपतं.

हे राज्य मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या वळणाचं. मूंटा, कडीना, वॉलरू या तांब्याच्या गावांत कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांनी चॅपलमागून चॅपल बांधली. पब संध्याकाळी सहाला बंद, 1916 पासून थेट 1967 पर्यंत. सव्वीस वर्षांहून जास्त काळ प्रीमियर राहिलेल्या प्लेफर्डना जुगार मुळीच खपत नसे. सरकारी लॉटरीसुद्धा ते सत्तेवरून गेल्यावर, 1965 च्या सार्वमताने आली. अशा राज्याने एका बंदराला सूट दिली. सोवळ्यातल्या घराने बाहेरची एक पडवी मोकळी ठेवावी तशी.

मेथडिस्टांचा आक्षेप मला पटतो. जुगारात मिळतं ते शेजाऱ्याच्या खिशातून, आणि बदल्यात त्याला काहीच दिलेलं नसतं. पण हा आक्षेप भट्टीवरच्या माणसाला ऐकवायचा कोणी? इथल्या भट्टीत वितळायचं ते ब्रोकन हिलच्या खाणीतलं शिसं. त्या खाणीच्या सुरुवातीला एक चौदावा हिस्सा विकायचा होता, भाव जुळेना, तेव्हा दोघं युकर हा पत्त्यांचा डाव खेळायला बसले आणि हरणाऱ्याने तो हिस्सा 120 पौंडांना देऊन टाकला. काही वर्षांत त्याची किंमत लाखांत गेली. त्याला कोणी जुगार म्हणत नाही, साहस म्हणतात! आणि इकडे पोर्ट पिरीत त्याच शिशाने कामगारांचं रक्त इतकं बिघडलं की 1925 मध्ये शिशाच्या विषबाधेवर रॉयल कमिशन बसवावं लागलं. डाव कोणी मांडला, आणि पणाला अंग कोणाचं लागलं?

माझे वडील सांगलीकडे कीर्तन करायचे. द्यूतपर्व लावलं की फाशांचं वर्णन ते झटक्यात उरकत आणि द्रौपदीच्या प्रश्नावर तासभर थांबत. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला? जो स्वतःचाच राहिला नाही, तो दुसऱ्याला पणाला लावणार कोणत्या अधिकाराने? भीष्मांनाही उत्तर सापडलं नाही. धर्म सूक्ष्म आहे, असं म्हणून ते सुटले. वडिलांचा राग शकुनीपेक्षा भीष्मांवर जास्त असे.

एरवी राजाने काय करावं यावर आपल्याकडेही दुमतच आहे. मनू म्हणतो, जुगार राज्यातून हद्दपार करा. कौटिल्य द्यूताध्यक्ष नेमतो, खेळ एकाच जागी आणवतो, फासे तपासतो आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घेतो. पोर्ट पिरी ही सरळसरळ कौटिल्याची व्यवस्था. मला ती मनूपेक्षा प्रामाणिक वाटते. निदान फसवणूक तरी आटोक्यात राहते. पण कौटिल्याच्या हिशेबात जुगाऱ्याच्या घरची चूल येत नाही. आजोबा लावायचे ते शिलिंग त्यांच्या घामाचे, मान्य. पण पगाराचं पाकीट घरी पोचायच्या आधी फुटलं, तर त्यातले पोरांच्या बुटांचे पैसे कोणी पणाला लावले? त्यांनी, की तिकिटावर कर घेणाऱ्या राज्याने? प्रजेच्या पापपुण्याचा सहावा वाटा राजाला लागतो, हेही मनूच सांगतो. राज्याने कर तेवढा उचलला आणि पाप कामगारांच्या गावात ठेवून दिलं, अशी माझी समजूत आहे. आजोबांना ती मान्य नाही. त्यांच्या मते गरिबाला शनिवारी दुपारी तासभर आशा विकत मिळायची, आणि ती चॅपलपेक्षा स्वस्त पडायची. यावर मला अजून चोख उत्तर सुचलेलं नाही.

1967 मध्ये टॅब ही घोड्यांवर पैसे स्वीकारणारी राज्याची स्वतःची संस्था सुरू झाली. आता तर फोनवरच पैसे लावतात. सगळं राज्य पोर्ट पिरी झालं म्हणा.

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप. त्या दिवशी आमच्याकडेही दोन-दोन डॉलर काढून घोड्यांच्या चिठ्ठ्या उचलतात. मी माझी उचलते, आजोबा तर दोन उचलतात. ज्यांना आता स्वतःचं नावही आठवत नाही, त्यांच्या खात्यातून दोन डॉलर काढून त्यांच्या वतीने चिठ्ठी उचलायला मात्र मी नकार देते. सहकारी हसतात: दोन डॉलरचा तर प्रश्न आहे, त्यांना मजा वाटेल. वाटेलही. मी त्यांना केक देते, टोप्या घालते, टीव्हीसमोर बसवते. चिठ्ठी दुसरं कोणीतरी उचलतं, आणि मी भीष्मांसारखी तिथेच उभी असते.