शेजारचा रंग

सांगलीतल्या एका घरात दिवाळीआधी बैठकीची खोली रंगवायची निघाली. थोरल्या सुनेला पिवळा रंग हवा होता, धाकटीला निळसर राखाडी. शेड कार्डावरच्या बोटभर तुकड्यावरून निवाडा होईना, म्हणून रंगाऱ्याने भिंतीवर दोन्हींचे दोन-दोन फुटांचे चौकोन मारले, एकाला एक खेटून.

वाळल्यावर सगळे बघायला जमले. पिवळा डोळ्यांत घुसत होता. निळा इतका गार, की हुडहुडी भरावी. सुनांनी एकमेकींच्या रंगाला नावं ठेवली, सासूबाईंनी दोन्हींना. त्या घरात ही सवय रंगांपुरती नव्हतीच. थोरलीने स्वयंपाक केला की धाकटीच्या हाताची चव आठवायची, आणि धाकटीने घर आवरलं की थोरलीचा टापटीपपणा.

रंगारी जुना माणूस. त्याने एक पांढरा पुठ्ठा घेऊन निळा चौकोन झाकला. पिवळा जरा निवला. मग पिवळा झाकला, तर निळ्यातलं राखाडीपण वर आलं.

"रंग तेच आहेत," तो म्हणाला. "शेजारी लावले की एक दुसऱ्याला भडकवतो. मग रंग दिसत नाही, नुसता फरक दिसतो."

त्याला ठाऊक असायचं कारण नाही, पण सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत हीच भानगड झाली होती. तिथला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. रंगखात्याचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपासलं, तर काळ्यात खोट नव्हती. शेजारचे धागे त्याला फिका दाखवत होते. 1839 मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ काढला. आमच्या रंगाऱ्याने पुठ्ठ्यावर भागवलं.

"ते असू दे, चांगला कोणता?" सासूबाई हटेनात.

"खोली पश्चिमेची. दुपारनंतर ऊन थेट भिंतीवर येतं, त्यात पिवळा आणखी तापेल. इथे निळा लावा. स्वयंपाकघर अंधारं आहे, पिवळा तिथे खुलेल."

त्या रात्री आमटी धाकटीने केली होती. पहिला भुरका मारून सासूबाई म्हणाल्या, "थोरली कशी..." आणि मध्येच थांबल्या. मग म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय गं."

मीठ खरंच कमी होतं. धाकटीने मिठाची बरणी पुढे सरकवली.