गाडी किती दिवसांनी काढता?

कोल्हापुरात विजयादशमीच्या संध्याकाळी छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते. संस्थानी काळातली ही जर्मन बनावटीची गाडी. सोने लुटायला जमलेल्या गर्दीत कित्येकांचे डोळे तिच्या वाटेकडे लागलेले असतात. एरवी ती फारशी कुणाच्या दृष्टीस पडत नाही, तरी ती चालते की नाही ही शंका कोल्हापूरकरांच्या मनात येत नाही. तिला एक दिवस नेमून दिलेला आहे आणि त्या दिवशी तिला यावेच लागते. चौकात जायचे म्हटल्यावर त्याआधी कुणाला तरी बॉनेट उघडावे लागते, ब्रेक तपासावे लागतात, एखादी चक्कर मारून पाहावी लागते. सणाने घातलेली ही सक्ती गाडीच्या फार उपयोगी पडत असणार.

जुन्या गाड्या बाळगणारी माणसे भेटली की मी मॉडेल, साल आणि किंमत यांच्या आधी एकच विचारतो: गाडी किती दिवसांनी काढता? कुणी म्हणतो, दर रविवारी पहाटे, रस्ते मोकळे असताना. कुणी म्हणतो, रॅली असली की. आणि बरेच जण जरा थांबून सांगतात, 'सध्या काढलेली नाही, पण अधूनमधून स्टार्ट करून ठेवतो.' या शेवटच्या उत्तराने माझा जीव खालीवर होतो. गाडी टिकणार की जाणार हे तिच्या रंगावर, कव्हरवर किंवा गॅरेजच्या कुलपावर ठरत नाही. ते या उत्तरावर ठरते. शिवाय हा प्रश्न एकट्या मालकाचा नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी यंत्राचे म्हणणे ऐकू. उभी गाडी जशीच्या तशी राहते ही समजूत मुळातच चुकीची आहे. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या एका फियाटचा कार्ब्युरेटर उघडताना मी गॅरेजात उभा होतो. मिस्त्रीने झाकणाचे स्क्रू काढले आणि फ्लोटची वाटी माझ्यापुढे धरली. पेट्रोलचा टिपूस नव्हता. तळाशी तपकिरी, डिंकासारखा चिकट थर आणि त्यात अडकून बसलेला फ्लोट. त्याने जेट काढला, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिले, तोंडाने फुंकला, पुन्हा पाहिले. केसाएवढे भोक बुजलेले होते. पेट्रोलचा हलका भाग आधी उडून जातो आणि जड भाग मागे राहून असा घट्ट होतो, हे त्याने बोटावरचा थर चोळत दाखवले. मग तो चाकांकडे वळला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. त्या ओलाव्याने व्हील सिलिंडर आतून गंजतो, पिस्टन जाम होतो आणि ब्रेक धरून बसतो, किंवा ऐनवेळी लागतच नाही. एकाच जागी उभ्या राहिलेल्या टायरला खाली सपाट पट्टा पडतो, रबरी सील सुकून चिरतात, बॅटरी आपोआप उतरत जाते. सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर ओघळून खाली जातो आणि लोखंड उघडे पडते. त्यात कोकणपट्टीची हवा असेल तर सीटवर बुरशी येते, आणि वायरिंग कुरतडायला उंदीर असतातच.

आणि ते 'स्टार्ट करून ठेवणे'? एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर चांगले तापले तर ही वाफ बाहेर निघून जाते. जागच्या जागी पाच मिनिटे चालवून बंद केले तर ती आतच थंड होऊन पाणी बनते आणि सायलेन्सर आतून सडवते. चोक ओढून सुरू केलेल्या थंड इंजिनात जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते, ते वेगळेच. मालकाला वाटते आपण काळजी घेतली. प्रत्यक्षात त्या पाच मिनिटांपेक्षा गाडीला हातच लावला नसता तर बरे. माझ्या मते पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी रस्त्यावर न्यावी आणि निदान अर्धा तास चालवावी. पाण्याचे तापमान पूर्ण चढावे, चारही गिअर पडावेत, ब्रेक दोनचार वेळा नीट लागावेत. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असते. इथेनॉलही पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्या नळ्या बदलाव्यातच, पण टाकीतले पेट्रोल खपत राहणे हा त्यावरचा अर्धा इलाज आहे.

लोक गाडी काढत नाहीत त्याला कारणे आहेत आणि ती मला खोटी वाटत नाहीत. काच फुटली तर मिळणार नाही. मागून मोटारसायकल घासली तर तसा रंग पुन्हा जुळणार नाही. एप्रिलच्या उन्हात सिग्नलला गाडी तापते, मागे भोंगे वाजायला लागतात. शिवाय गाडीची किंमत वाढत चालली की ओडोमीटरवरचा प्रत्येक किलोमीटर खर्चात धरला जातो. पण एवढे जपूनही बाजारात काय विचारले जाते? जुन्या गाडीच्या जाहिरातीत आपल्याकडे आजही 'रनिंग कंडिशन' हे शब्द आधी शोधतात. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला 1950 पासून मोटारींची सौंदर्यस्पर्धा भरते, आणि लखलखत्या गाड्यांत तिच्या तोडीची स्पर्धा क्वचितच असेल. तिथेही स्पर्धेआधी रस्त्यावरची एक फेरी असते; ती पूर्ण केलेली गाडी आणि न केलेली गाडी यांचे गुण बरोबरीत आले तर कौल फेरी केलेल्या गाडीला मिळतो. लंडनहून ब्रायटनला दर नोव्हेंबरात 1905 च्या आधी बनलेल्या गाड्या सुमारे साठ मैल धावतात. थंडीवाऱ्यात, पावसात, बऱ्याचशा उघड्या टपाच्या. काही वाटेत बंद पडतात, काही उशिरा पोचतात. आणि या गाड्या आज रस्त्यावर दिसतात त्यात या वार्षिक धावेचा वाटा फार मोठा आहे.

ब्रिटनमधल्या जुन्या वाहनांच्या क्लबांच्या महासंघाने 2020 मध्ये केलेल्या पाहणीत अशा वाहनाची सरासरी धाव वर्षाला 1,200 मैलांच्या आसपास निघाली होती. म्हणजे आठवड्याला साधारण सदतीस किलोमीटर. पुण्यातून सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन परत येण्यापेक्षाही कमी. हा आकडा मला शहाणपणाचा वाटतो. त्यात गाडीची झीज नगण्य आहे आणि यंत्राला हवे ते सगळे मिळते.

पण माझा खरा जीव अडकला आहे तो वेगळ्या गोष्टीत. जुनी गाडी एकटी जगत नाही. तिच्यामागे मिस्त्री असतो, डेंटिंग-पेंटिंगवाला असतो, स्प्रिंगला बाक काढून देणारा असतो, कुर्ल्याच्या स्पेअरपार्टच्या दुकानात नुसता तुकडा बघून 'हा अमुक सालच्या आधीचा' असे सांगणारा माणूस असतो. हे ज्ञान पुस्तकात नाही. ते हातात आहे, आणि हाताला काम मिळाले तरच ते राहते.

याचा सगळ्यात ढळढळीत दाखला मुंबईतच आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनू लागली, सत्तरच्या दशकात तिचेच नाव पद्मिनी झाले आणि 2000 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. तरी त्यानंतरही वीसेक वर्षे तिचा कुठलाही भाग मुंबईत मिळत होता, कुठल्याही नाक्यावर तिचा मिस्त्री होता. का? तर काळी-पिवळी टॅक्सी रोज धावत होती. बऱ्याच टॅक्सी दोन पाळ्यांत, दिवसरात्र चालत होत्या. क्लच प्लेट रोज लागत होती म्हणून कुणीतरी ती रोज बनवत होता. घरापुढे फियाट जपणारा शौकीन माणूस खरे तर त्या टॅक्सीवाल्याच्या जिवावर आपली हौस करत होता, आणि हे त्याच्या क्वचितच ध्यानात येत होते. ताडदेव आरटीओत ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपून 30 ऑक्टोबर 2023 ला निवृत्त झाली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. हळहळ खरीच होती. पण त्या दिवसापासून घरोघरच्या फियाटची जबाबदारी वाढली, हे कुणी फारसे बोलले नाही. टॅक्सीने पेललेला धंदा आता हौशी मालकांनीच पेलायचा आहे. त्यांनी गाड्या झाकून ठेवल्या तर कार्ब्युरेटरचा जेट उजेडाकडे धरून बघणारा माणूस दुसऱ्या कामाला लागेल. त्याचा मुलगा तर केव्हाच लागला आहे.

असेच चालवणाऱ्याच्या हाताचेही आहे. स्टिअरिंगजवळच्या दांड्याने गिअर टाकायचे, ड्रम ब्रेकला लागणारे अंतर आधीच ओळखून पाय उचलायचा, चोक किती आणि कधी आत ढकलायचा, उतारावर गिअरमध्येच गाडी धरून ठेवायची, या गोष्टी सांगून येत नाहीत. ज्या घरात गाडी महिनोन्‌महिने उभी असते तिथे पुढच्या पिढीला गाडी वारशाने मिळते, हात मिळत नाही. मग वडील गेले की वर्षा-दोन वर्षांत ती भंगारात तरी जाते, नाही तर दलालाकडे. मुलांना गाडी नको असते असे नाही. त्यांनी ती कधी चालवलेलीच नसते.

प्रत्येक गाडी चालवलीच पाहिजे असे मात्र मी म्हणणार नाही. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना बँकेचे पाच हजारांचे कर्ज काढून घेतलेली फियाट दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात उभी आहे. ती उभीच शोभते. देशाच्या पंतप्रधानाला बारा हजारांच्या गाडीसाठी कर्ज काढावे लागले आणि त्यांच्या मागे ते पत्नीने फेडले, हे सांगायला त्या गाडीला इंजिनाची गरज नाही. जगात एकुलत्या एक उरलेल्या, मूळ रंग-कापडासह टिकलेल्या गाडीलाही रस्त्यावर ओढू नये. अशा गाड्या मोजक्या. तुमच्याआमच्या ओळखीतल्या फियाट, अँबेसेडर, मॉरिस, ऑस्टिन त्यांत मोडत नाहीत.

आता कायद्याकडे बघू, कारण तो या बाबतीत मला पटत नाही. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली खाजगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000, मुदत 10 वर्षे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. गाड्यांना अशी ओळख मिळाली हे चांगलेच झाले. तोवर कायद्याच्या लेखी त्या नुसत्या म्हाताऱ्या गाड्या होत्या. पण त्याच नियमांत असेही आहे की ही गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा ठरावीक कारणांनीच आणायची. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, म्हणजे फिवाची, व्याख्याही याच वळणाची आहे: किमान 30 वर्षे जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरलेले वाहन.

रोजची वाहतूक नको, हे मला मान्य आहे. पन्नास वर्षांच्या गाडीने रोज अंधेरी ते फोर्ट करू नये. गाडीच्याही भल्याचे नाही आणि हवेच्याही. पण रोज न वापरणे आणि कारण दाखवल्याशिवाय न वापरणे यांत फार अंतर आहे. रविवारी सकाळी बायकोला घेऊन लोणावळ्याला नाश्त्याला गेलेला माणूस रॅलीत नाही, प्रदर्शनात नाही, पेट्रोल भरायलाही निघालेला नाही. तो आपल्या गाडीसाठी सगळ्यात चांगली गोष्ट करतो आहे आणि नियमांच्या यादीत त्याला जागा नाही. जर्मनीत तीस वर्षांच्या, नीट राखलेल्या गाडीला 'एच' अक्षराचा नंबर मिळतो आणि ती हवी तेव्हा चालवता येते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षे झालेल्या, फार फेरफार न केलेल्या गाडीला वार्षिक तपासणी आणि रस्ता-कर माफ आहे. कर भरावा लागला नाही तरी वाहनाची नोंद करावी लागते आणि गाडी रस्त्यावर नेण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच राहते. आपल्या नियमांतही कारणांची यादी काढून वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरची मर्यादा घालता येईल. दर फेरनोंदणीला ओडोमीटर बघावा, ब्रेक आणि धूर तपासावा, आणि बाकी मालकावर सोपवावे. राज्यांच्या परिवहन खात्यांनी आणि गाड्यांच्या क्लबांनी ही मागणी केंद्राकडे लावून धरायला हवी. क्लबांनी वर्षातून एका रॅलीपेक्षा महिन्यातून एक साधी सकाळची फेरी ठेवली तर आणखी बरे. बॅनर नको, पाहुणे नकोत, बक्षिसे नकोत. तीस-चाळीस किलोमीटर आणि वाटेत चहा.

तोवर तुमच्या सोसायटीच्या आवारात किंवा गावच्या पडवीत कव्हरखाली एखादी गाडी असेल, तर पाऊस संपताच मिस्त्रीला बोलवा. थेट सेल्फ मारू नका. आधी टाकीतले जुने पेट्रोल काढा, इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइल बदला, व्हील सिलिंडर उघडून बघा, नळ्या नव्या घाला, मग बॅटरी जोडा. आणि गाडी चालू झाली की रिकाम्या रस्त्यावर पहिल्यांदा घरातल्या लायसन मिळालेल्या मुलाला किंवा मुलीला स्टिअरिंगवर बसवा, तुम्ही शेजारी बसा.