चुंबक, कमळ आणि तान्हे मूल

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, अशाच एका गुरुवारी, चाकणला पाळ्या करणारे चिरंजीव घरी असल्याने, पाच महिन्यांच्या नातीला घेऊन अलिबागला जाऊन यावे असा बेत ठरला, तेव्हा शेजारच्या काकूंनी "एवढ्याशा लेकराला काय कळणार? मोठेपणी तिला आठवणार तरी आहे का?" असा जो सवाल केला, तो मला दिवसभर सोडीना. धर्मशास्त्राने चौथ्या महिन्यात निष्क्रमणसंस्कार सांगितला आहे. मुलाला घराबाहेर आणून सूर्यदर्शन घडवावे, हा त्याचा गाभा. तो दिवस कोणाच्या स्मरणात राहतो?

कान्होजी आंग्र्यांच्या या गावी ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येते. तटाचे प्रचंड चिरे चुन्यावाचून एकावर एक रचलेले आहेत, आणि आतले गणपतीचे देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधले. आजीने नातीच्या गालावर तीट लावली होती (समुद्राचीही दृष्ट लागत असावी). सूनबाईने तिचे तळवे ओल्या वाळूला टेकवले. बोटांमधून पाणी सरकले मात्र, तिने दोन्ही पाय पोटाशी ओढले, खालचा ओठ पुढे आला, आणि आता भोकाड पसरणार अशी आमची खात्री झाली असतानाच, पुढची लाट येताच, ती खुदकन हसली.

न्यायसूत्रकार गौतमाने नेमका हाच प्रसंग आत्म्याच्या नित्यत्वाचा पुरावा म्हणून दाखल केला आहे. या जन्मीचा अनुभव गाठीशी नसता तान्ह्या मुलाला हर्ष, भय, शोक कोठून होतात? अर्थात पूर्वजन्मीच्या अभ्यासातून. प्रतिपक्षी म्हणतो, कमळ उमलते, मिटते, तसेच हे. गौतम उत्तरतो, कमळाचे विकार उष्ण, शीत, पावसाळा यांमुळे होतात. मूल स्तनाकडे झेपावते ते लोखंड चुंबकाकडे जावे तसे, हा पुढचा आक्षेप. तर लोखंड चुंबकाकडेच जाते, अन्यत्र जात नाही, म्हणजे तेथेही नियत कारण आहेच, हे त्यावरचे उत्तर. योगायोग असा की, विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव नको म्हणून मुंबईची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून ज्या गावी हलवण्यात आली, ते गाव हेच.

पूर्वजन्माचा हा दाखला मला पुरेसा वाटत नाही. ते भय आईबापांकडून देहाबरोबरच आले, असे आजचा जीवशास्त्रज्ञ म्हणेल, आणि त्याला अडवणे कठीण आहे. मात्र नैयायिकांनी संस्कार आणि स्मृती यांत केलेला भेद मला फार मोलाचा वाटतो: अनुभवाने आत्म्यावर संस्कार उमटतो, त्याला जागवणारे काही भेटले तरच स्मृती उपजते, आणि न भेटल्यास स्मृती नसली तरी संस्कार असतोच. काकूंनी विचारले ते स्मृतीविषयी. आम्ही गेलो होतो संस्कारासाठी. विधीला आणि मनावरच्या ठशाला आपल्या भाषेने एकच शब्द दिला, तो उगाच नव्हे.

काकूंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी नातीला उचलून घेतले व "तीट कुठे गेली?" एवढेच विचारले. कोणाला तान्हे मूल घेऊन जायचे असेल, तर त्याने ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी. भरती लागली की किल्ल्यावरून पायी परतता येत नाही.