सहीच्या आधी



मार्च महिना उजाडला की आमच्या कार्यालयात ईस्टरनंतरच्या लग्नांची कागदपत्रे येऊ लागतात, आणि अलीकडे त्यांच्याबरोबर कॉलेजच्या मुलांचे फॉर्मही. वर शीर्षक असते, 'समुदाय सहभाग प्रकल्प'. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यातील विद्यापीठांनी पदवीच्या आराखड्यात हा प्रकल्प घातला. दोन क्रेडिटचा, एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे ६० तास लोकांत जाऊन काम करायचे, तारीखवार नोंद ठेवायची आणि जिथे काम केले तिथल्या प्रमुखाची सही आणायची. आमच्या पिढीला एनएसएस ठाऊक आहे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ती योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास. पण तिच्यात नाव घालावे की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते. या नव्या प्रकल्पात मर्जीचा प्रश्न नाही. क्रेडिट भरले नाही तर पदवी अडते.

गेल्या प्रायश्चित्तकाळात एका बुधवारी संध्याकाळी आपल्याच धर्मग्रामातील एक मुलगी असा फॉर्म घेऊन आली. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या बायकांबरोबर ती दर शनिवारी एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जात होती. औषधे आणून देणे, बँकेचे पासबुक भरून आणणे, लाइटबिल भरणे, बसून चार गोष्टी करणे. नोंदवहीत ४२ तास भरले होते. "फादर, परीक्षा जवळ आली आहे. बाकीचे १८ तुम्ही भरून टाका ना. कॉलेजात कोणी बघत नाही."

खरे सांगायचे तर आम्ही पेन उचलले होते. मुलगी चांगली, घर ओळखीचे, आणि असे फॉर्म आम्ही पूर्वी भरलेही आहेत. सणाच्या दिवशी मांडवातल्या खुर्च्या उचलणाऱ्या एका मुलाला आम्ही पूर्ण ६० तास दिले होते. तेव्हा मन खाल्ले नाही. या वेळी हात थांबला तो मुलीबरोबर आलेल्या तिच्या आईमुळे. ती म्हणाली, "नाहीतरी फादर, सक्तीची सेवा ती कसली सेवा? ४२ काय आणि ६० काय!"

प्रश्न मोठा आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही यावर रात्र रात्र वाद घातले आहेत. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली लिहिलेल्या नीतिशास्त्रावरील पुस्तकात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. तो लहान मुलालाही योग्य भावाने माल देतो, कारण तसे केले नाही तर गिऱ्हाईक तुटेल. कृती बरोबर आहे, पण ती कर्तव्यापोटी झालेली नाही. म्हणून कांट तिला नैतिक मोल देत नाही. या मापाने क्रेडिटसाठी आजीचे औषध आणणारी मुलगी दुकानदाराच्याच रांगेत बसते. आईचे म्हणणे कांटला पटले असते.

ॲरिस्टॉटल मात्र दुसरीकडून विचार करतो. माणूस न्यायी कृत्ये करता करता न्यायी होतो, जसा वाजवता वाजवता वादक होतो. सुरुवातीला मुलाचे बोट कोणीतरी पेटीवर दाबून धरावेच लागते. अर्थात तोही पुढे म्हणतो की खरा सद्‍गुणी माणूस जाणूनबुजून, त्या कृत्यासाठीच ते कृत्य करतो. म्हणजे सक्ती दारापर्यंत नेते. आत जायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवायचे.

शुक्रवारी क्रुसाच्या वाटेत आपण पाचव्या स्थानापाशी गुडघे टेकतो तेव्हा कुरेनेकर शिमोनला 'मदत करणारा' म्हणतो. शुभवर्तमान नीट वाचा. त्याने मदत देऊ केली नव्हती. तो शेताकडून येत होता, शिपायांनी त्याला वेठीला धरले. चालून गेलेली वाट हीच त्याची नोंद, आणि ती सक्तीची. तरी संत मार्क त्याचे नाव देतो, एवढेच नव्हे तर 'आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप' अशी ओळखही देतो. ज्यांच्यासाठी मार्क लिहीत होता त्यांना ती मुले ठाऊक असावीत असे अभ्यासकांना वाटते. शिमोनच्या मनात त्या वेळी काय होते ते कोणी लिहिले नाही. क्रूस मात्र तेवढी वाट हलका झाला.

आणि ज्या सोसायटीबरोबर ही मुलगी जात होती तिची सुरुवात कशी झाली? १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी वादसभेत ख्रिस्तसभेची बाजू मांडत असे. विरोधकांनी टोमणा मारला की तुमची ख्रिस्तसभा आज गरिबांसाठी करते तरी काय? टोमणा जिव्हारी लागला. मित्रांना घेऊन तो गरिबांच्या घरी जाऊ लागला, आणि कोणत्या घरी जावे, कसे वागावे हे त्यांना सिस्टर रोझाली यांनी दाखवले. त्याला विद्यापीठाची सक्ती नव्हती, पण सुरुवात काही शांत प्रेमातून झाली असेही नाही. थोडी ईर्ष्या होतीच. १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्य घोषित केले.

तेव्हा आईला आम्ही सांगितले की सक्तीने मुलीची सेवा बाटत नाही. बाटते ती खोट्या १८ तासांनी. आमची सही म्हणजे साक्ष आहे, आणि आठवी आज्ञा कॉलेजच्या फॉर्मला लागू नाही असे कुठे लिहिलेले नाही. ४२ तासांची सही आम्ही तिथेच केली. उरलेले भरून आण म्हणालो. मुलगी नाराज झाली. आई जास्त.

एवढ्यावर विषय मिटला असता, पण पुढच्या आठवड्यात आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला गेलो तेव्हा एका आजींनी विचारले, "फादर, ती पोर शनिवारी आली नाही. माझे काही चुकले का?" मुलगा कॅनडात, सून तिकडेच. शनिवारी दुपारी त्या पडवीत दुसरी खुर्ची मांडून ठेवत होत्या. आदल्या वर्षी दोन मुले येत असत. त्यांचे ६० तास भरले आणि ती यायची बंद झाली, तेव्हाही त्यांना आपलेच काही चुकले असे वाटले होते.

आम्हाला शरम वाटली. इतका वेळ आम्ही, आई आणि कांट, सारे मुलीच्या मनाचीच तपासणी करत होतो. तिचा हेतू शुद्ध की अशुद्ध, तिला पुण्य लागेल की नाही. आजींचे नाव फॉर्ममध्ये 'लाभार्थी' या रकान्यात होते, आमच्या विचारात तेवढेही नव्हते. आणि विद्यापीठाकडे बोट दाखवण्याआधी हेही कबूल करू की दृढीकरणाच्या वर्गाला आम्हीही कार्ड देतो, रविवारच्या मिस्साचा शिक्का मारतो, शिक्के भरले की मुले शेवटच्या बाकांवरूनही नाहीशी होतात.

परीक्षा संपल्यावर मुलीने उरलेले १८ तास भरले. आजींना तिने स्वतः सांगितले की आता कॉलेजचे काम संपत आहे, जमेल तेव्हा येईन, पण दर शनिवारी नाही. आजी म्हणाल्या, सांगितलेस ते बरे केलेस, खुर्ची उगाच मांडायला नको. आम्ही सही केली.

सोसायटीच्या सभासदांशी बोलून आम्ही असे ठरवले आहे की ज्या घरी मुलांनंतर जायला सोसायटीचा कोणी तयार आहे, त्याच घरी यापुढे मुलांना पाठवायचे, आणि शेवटच्या भेटीला त्या सभासदाने बरोबर जायचे. यासाठी शनिवारी दुपारचे दोन तास देऊ शकतील असे सहा जण हवे आहेत. सध्या तिघे आहेत. मुलांनी फॉर्म घेऊन डिसेंबरातच यावे, मार्चअखेर नव्हे. कार्यालय बुधवारी संध्याकाळी उघडे असते.

आपला धर्मगुरू